आधी ‘काय दिलं?’, मग ‘कोणी दिलं?’

पेट गावाला, तुम्ही शहरात आणि फोनवर आईचा घाबरलेला आवाज : ‘अगं, त्याला चुकून दुसरीच गोळी गेली...’ अशा वेळी पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, याचा हा फंडा.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा... या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांच्या घरातला एक मेंबर सध्या गावाला असतो. पहिल्या अप्रेझलच्या आनंदात लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरी येतं. मग सोसायटीची नोटीस येते, घरमालकाचा फोन येतो किंवा ऑनसाइटचं लेटर हातात पडतं. शेवटी एका शनिवारी गाडीच्या मागच्या सीटवर चादर अंथरून स्वारी निघते गावी, आई-बाबांकडे! तिथे मोकळं अंगण असतं, दूध-भाकरी असते, लाड करणारी माणसं असतात. पेट खूश, आपण खूश.

फक्त एक गोष्ट पुण्यातच राहून जाते. त्याची फाइल. त्याचं वजन किती, जंताची गोळी कधी दिली, कोणतं औषध चालत नाही, हे सगळं आपल्या डोक्यात किंवा मोबाइलमध्ये. गावी पोहोचतात फक्त तोंडी सूचना आणि औषधांची एक प्लास्टिकची पिशवी.

मागे एका मैत्रिणीच्या घरी सोमेश्वरनगरला तीन दिवस राहिले होते. बारामती तालुक्यातलं, नीरा-बारामती रस्त्यावरचं हे गाव. साखर कारखान्याभोवती वाढलेलं. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग, हवेत मळीचा वास. घरटी एखाद-दुसरी गाय, दारात कुत्रा, ओट्यावर मांजर. कॉलेज आहे, मेडिकल आहेत, नेटवर्क झकास आहे. म्हणजे ‘खेडं’ म्हणून नाक मुरडावं असं काही नाही. पण मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातली एक फळी बघितली आणि या लेखाचा विषय मिळाला.

फळीवरची मिसळ

फळीवर एक जुना बिस्किटांचा डबा. त्यात काकांची बीपीची गोळी, काकूंची थायरॉइडची बाटली, पॅरासिटामॉलची पाकिटं, अंगदुखीची कॉम्बिनेशन गोळी, अर्धे वापरलेले डोळ्यांचे थेंब. त्याच डब्यात कुत्र्याची जंताची गोळी. शेजारी गाईच्या गोचिडाचं औषध. तेही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलेलं, वर लेबल नाही. आणि एक सुई नसलेली सिरिंज, जिने वासराला पण औषध पाजतात आणि मांजराला पण.

हसू नका. तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधला ड्रॉवर आठवा. गोचिडाचं औषध सोडलं तर बाकी मिसळ तीच असते!

पेटला चुकीचं औषध जातं ते साधारण चार वाटांनी. पहिली वाट प्रेमाची : ‘बिचारं लंगडतंय, अर्धी गोळी दिली तर काय होतंय?’ दुसरी वाट गोठ्यातून येते : गाईला चालतं, मग कुत्र्याला का नाही? तिसरी वाट डबल डोसची. सकाळी आईने गोळी दिली, ऑफिसला जाता जाता भावानेही दिली, दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही. आणि चौथी वाट मापाची. डॉक्टरांनी लिहिलेलं असतं ०.५ मिली, आपण भरतो ५ मिली. किंवा कुत्र्याचं वेदनाशामक सिरप मांजराला दिलं जातं. मेलॉक्सिकॅम या औषधाचं कुत्र्यांसाठीचं सिरप मिलीला १.५ मिलिग्रॅम तर मांजरांसाठीचं ०.५ मिलिग्रॅम अशा ताकदीत मिळतं. सिरिंजची रेघ तीच, औषध तिप्पट.

यातलं काहीही वाईट हेतूने होत नाही. आणि नेमका तिथेच घोळ होतो.

पाच तास गप्प

त्या घरात पूर्वी एक मांजर होतं. करड्या रंगाचं, साडेतीन किलोच्या आसपास. एका संध्याकाळी ते मलूल दिसलं, कान गरम लागले. काकूंनी घरातली ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची गोळी मोडून अर्धी दुधातून दिली. आपण लहान असताना तापात हेच करायच्या ना त्या! रात्री मांजराच्या तोंडाला लाळ सुटली, चेहरा सुजला. घरच्यांना वाटलं गांधीलमाशी चावली असणार. मैत्रिणीला पुण्यात फोन गेला तो रात्री अकराला. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘कोणी काही खायला दिलं का याला?’ सूर अर्थातच चढलेला. पलीकडून उत्तर आलं, ‘नाही गं, कोणी कशाला देईल?’

गोळीचा विषय निघाला तो सकाळी, बारामतीच्या दवाखान्यात, टेबलावर मांजर धापा टाकत असताना. तोवर फार उशीर झाला होता.

‘तू ओरडशील म्हणून बोलले नाही,’ असं काकूंनी नंतर तिला सांगितलं. मैत्रीण म्हणते, ते वाक्य तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. गोळीची चूक झाली ती अर्ध्या मिनिटात. पण जीव गेला तो मधल्या गप्प बसलेल्या तासांमध्ये. कारण या विषबाधेवर औषध आहे. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचं. माणसाने पॅरासिटामॉल जास्त घेतलं तर हॉस्पिटलात देतात, तेच मांजरालाही देता येतं. पण ते पहिल्या काही तासांत मिळालं तर त्याचा खरा उपयोग, आणि डॉक्टरला कळलं तरच ते मिळणार!

म्हणून मंडळी, असा फोन आला तर ‘कोणी दिलं?’ हा प्रश्न गिळून टाका. त्याऐवजी तीन प्रश्न : काय दिलं? किती दिलं? कधी दिलं? आणि त्याही आधी एक वाक्य, ‘बरं झालं लगेच सांगितलंस.’ खोटं वाटलं तरी म्हणा. समोरच्याचा आवाज लगेच खाली येतो आणि माहिती खरी मिळते. घरातल्या कामवाल्या मावशी, शेतावरचा गडी, शाळकरी भाचा या सगळ्यांना हाच नियम. चूक सांगणाऱ्यावर एकदा खेकसलात की पुढची चूक तुम्हाला कळणार नाही.

पहिली दहा मिनिटं

समजा, फोन आलाय. तुम्ही मीटिंगमध्ये आहात, पेट सोमेश्वरनगरला आहे. काय करायचं?

सगळ्यात आधी हे विचारा की प्राणी आत्ता कसा आहे. झटके येतायत, शुद्ध हरपलीय, श्वास ओढून घेतोय, उभं राहता येत नाही, उलटीत रक्त आहे, हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी दिसतायत... यातलं एक जरी असेल तर पुढची चौकशी गाडीत. आधी निघायचं. हिरडी बघायची म्हणजे ओठ हळूच वर करायचा. एरवी ती गुलाबी असते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जात्याच काळ्या असतात, तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. कुत्रा कितीही गरीब असला तरी दुखण्यात चावू शकतो, हेही आईला सांगा.

प्राणी व्यवस्थित दिसतोय? छान. पण ‘काही झालं नाही’ असं समजून फोन ठेवू नका. कितीतरी औषधांचा परिणाम दिसायला काही तास लागतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकाने मूत्रपिंडाला इजा झाली तर ती एक-दोन दिवसांनीही समोर येऊ शकते. कुत्रा शेपटी हलवतोय म्हणजे औषध चाललं, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग लगेच उरलेलं औषध, पाकीट, बाटली, सगळं बाजूला उचलून ठेवायला सांगा. घरात दुसरा कुत्रा-मांजर असेल तर त्याला वेगळं करा. दोघांपैकी कोणी खाल्लं हे नक्की नसेल तर दोघांनीही खाल्लं असं धरायचं.

आता व्हॉट्सअ‍ॅप कामाला लावा. गोळीच्या पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. ब्रँडचं नाव पुरेसं नाही, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा हवा. एकाच ब्रँडच्या पाच प्रकारच्या गोळ्या असतात. साध्या, फोर्ट, प्लस, एसआर. पाकिटात किती गोळ्या होत्या आणि किती उरल्या ते मोजायला सांगा. गोठ्यातलं औषध असेल तर मूळ डब्याचा फोटो आणि त्यात पाणी किती मिसळलं होतं, तेही. प्राणी लडखडत असेल किंवा थरथरत असेल तर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. डॉक्टरला तो हजार शब्दांपेक्षा जास्त सांगतो.

आणि वजन! ‘मध्यम आहे हो’ हे वजन नव्हे. वजनकाट्यावर आधी माणसाने प्राण्याला घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने. वजाबाकी केली की झालं. हे आजच, काही घडलेलं नसताना करून ठेवलंत तर उत्तमच.

ही माहिती हातात घेऊन पशुवैद्याला फोन लावा. फोनवर एका दमात सांगायचं ते असं : ‘कुत्रा, नर, चार वर्षं, २८ किलो. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, ४० मिनिटांपूर्वी, भरल्या पोटी. दुसरं औषध चालू नाही. आत्ता नॉर्मल आहे, एकदा उलटी झाली.’ बस्स. मागची सगळी कहाणी नंतर. आधीपासून किडनी, लिव्हर, फिट्स यापैकी काही असेल किंवा मादी गाभण असेल तर तेवढं मात्र नक्की सांगा.

यानंतर डॉक्टर ‘घरीच ठेवा आणि लक्ष ठेवा’ असंही म्हणू शकतात. बऱ्याचदा म्हणतातच. प्रत्येक चुकीची गोळी जीवघेणी नसते. डॉक्टरांनीच दिलेल्या जंताच्या औषधाचा एक डोस दोनदा गेला तर अनेकदा जुलाबावर निभावतं. पण हे ठरवायचं डॉक्टरनं, आपण किंवा शेजारच्या आबांनी नाही.

दुसरी चूक करू नका

पहिली चूक झाली की घरात जो गोंधळ उडतो, त्यात दुसरी चूक होते. आणि ती कधी कधी पहिलीपेक्षा भारी पडते.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं हा आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय उपाय. तो विसरा. उलटी झाली नाही तर सगळं मीठ रक्तात जातं. सोडियम वाढून प्राण्याला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. घशात बोटं घालू नका, त्याने घसा सोलवटतो आणि आपली बोटं फुटतात ती वेगळीच. हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराला कधीच नाही. कुत्र्यालासुद्धा डॉक्टरांनी स्वतः, माप सांगून सांगितलं तरच. अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या तोंडात तर पाणीसुद्धा ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

दूध हा उतारा नाही. तेल-तूपही नाही. कांदा-लसणाचा रस तर मुळीच नाही, कारण कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. म्हणजे एका विषावर दुसरं विष!

उलटी करवायची ती दवाखान्यात. तिथे त्यासाठी इंजेक्शनं असतात. बहुतेक औषधांच्या बाबतीत पहिल्या एक-दोन तासांतच त्याचा फायदा होतो, म्हणून तर घड्याळ महत्त्वाचं. नंतर औषध शोषून घेणारा खास कोळसा, सलाइन, रक्ततपासणी असं पुढचं सगळं ओघाने येतं.

डबल डोस झाला असेल तर आणखी एक मोह होतो : ‘आता पुढचे दोन डोस देतच नाही, हिशेब फिटला.’ असा हिशेब फिटत नाही. पुढचा डोस कधी, हे विचारूनच ठरवा. फिट्सचं औषध किंवा बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम थांबवणं धोक्याचं असतं. उलट एक वेदनाशामक चुकून गेलंय आणि आता डॉक्टरांनी लिहिलेलंही द्यायचं का, असा प्रश्न असेल तर विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. दोन वेदनाशामकं, किंवा वेदनाशामक आणि स्टेरॉइड, एकत्र आली की पोटात अल्सर आणि रक्तस्राव होऊ शकतो.

इन्शुलिन घेणाऱ्या पेटला दोनदा टोचलं गेलं असेल तर मात्र एक गोष्ट घरी करायची. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. गळून गेला असेल तर मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा. आणि तसेच दवाखान्याकडे निघा.

औषध अंगावर सांडलं किंवा चोळलं गेलं असेल तर? गोचिडांसाठी वापरतात त्या औषधांपैकी परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही मांजरासाठी फार घातक. कुत्र्याच्या मानेवर लावायची परमेथ्रिनची ट्यूब मांजराला लावली तरी ते थरथरायला लागतं, झटके येतात. थरथर सुरू झाली असेल तर थेट डॉक्टर. अजून ठीक असेल तर हातमोजे घालून कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या लिक्विडने अंग धुवायचं, नीट पुसून उबेत ठेवायचं, चाटू द्यायचं नाही. गरम पाणी नको, त्याने कातडीतून औषध जास्त शोषलं जातं. आणि धुऊन झालं तरी डॉक्टरला फोन करायचाच.

डोळ्यात चुकीचे थेंब गेले तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने १०-१५ मिनिटं डोळा धुवा. आपल्या डोळ्यांच्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असतं. पेटच्या बुबुळावर आधीच जखम असेल तर ते ती आणखी वाढवतं.

‘एवढ्याशा गोळीने काय होतं?’

हा प्रश्न गावातच नाही, ऑफिसच्या कँटीनमध्येही ऐकू येतो. म्हणून जरा गणित करू या.

तुमचं वजन ६० किलो, गोळी ५०० मिलिग्रॅम. म्हणजे किलोमागे साधारण ८ मिलिग्रॅम. तीच गोळी ४ किलोच्या मांजराला दिली की किलोमागे १२५ मिलिग्रॅम. तुम्ही एका वेळी १५ गोळ्या घेण्यासारखंच हे! त्यात मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉल निकामी करणारी एक यंत्रणा जवळपास नसतेच. मग औषधाचा विषारी अंश थेट हिमोग्लोबिनवर उठतो, रक्ताला ऑक्सिजन वाहता येईनासा होतो. तपकिरी हिरड्या, सुजलेला चेहरा आणि पंजे, धाप, हे सगळं त्यातूनच. किलोमागे १० मिलिग्रॅमनेही मांजराला बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे मांजराच्या बाबतीत ‘पाव गोळी’ हाही पर्याय नाही. कुत्र्याचं शरीर थोडं जास्त सोसतं, पण प्रमाण वाढलं की त्याचंही यकृत बसतं.

आता गोठ्यातलं आयव्हरमेक्टिन घ्या. उत्तम औषध, ज्याच्या शोधाला २०१५ मध्ये नोबेल मिळालं. गाईच्या एक टक्क्याच्या इंजेक्शनचं माप असतं ५० किलो वजनाला १ मिली. कोणीतरी १० किलोच्या गावठी कुत्र्याला ‘फक्त १ मिली’ देतो आणि गाईच्या हिशेबाने पाचपट औषध आत जातं. बाहुल्या मोठ्या होतात, दिसेनासं होतं, चाल लडखडते, कधी कुत्रा कोमात जातो. यावर थेट उतारा नाही, दिवसेंदिवस शुश्रूषा करावी लागते. आणि कॉलीसारख्या काही जातींमध्ये तर एका जनुकातल्या बिघाडामुळे हे औषध मेंदूत सहज शिरतं. २००१ मध्ये शास्त्रज्ञांना तो बिघाड सापडला. त्यामुळे ‘शेजारच्यांच्या कुत्र्याला चाललं होतं’ हा पुरावाच होत नाही.

एका जनावराला चालतं ते दुसऱ्याला चालतं, हा समज किती महागात पडू शकतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. डायक्लोफेनॅक. गाई-बैलांच्या दुखण्यावर हे वेदनाशामक सर्रास टोचलं जायचं. जनावराला आराम पडायचा. पण उपचारानंतर थोड्याच दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण सापडलं आणि जगासमोर आलं ते २००४ मध्ये. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसपुरतं करावं लागलं. पुढे २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेला पर्याय कोणता? मेलॉक्सिकॅम. तेच मेलॉक्सिकॅम जे मांजराला मापापेक्षा जास्त गेलं तर त्याच्या मूत्रपिंडाला त्रास देतं! फंडा क्लिअर? औषध ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ नसतं. कोणाला आणि किती, एवढंच खरं.

रात्री अकराला जायचं कुठे?

सोमेश्वरनगरसारख्या ठिकाणी हा प्रश्न खरा आहे. गावात जनावरांचे डॉक्टर असतात, पण त्यांचा दिवस गाई-म्हशींत जातो. सगळ्यांकडे कुत्र्या-मांजरांसाठीची सोय असेलच असं नाही. तरीही पहिला फोन त्यांनाच करा. सलाइन लावणं, झटके थांबवणं ही कामं तेही करतात आणि त्यामुळे पुढच्या प्रवासाला वेळ मिळतो. फक्त येणारी व्यक्ती पदवीधर पशुवैद्य आहे ना, एवढं विचारून घ्या.

पुढचा टप्पा दोन दिशांना. पूर्वेला बारामती, जिथे पेट्स बघणारे डॉक्टर आहेत. पश्चिमेला नीरा-लोणंदमार्गे शिरवळ, जिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुणे त्याहून लांब. जेजुरी, सासवड, दिवे घाट करत गाडी आत शिरेपर्यंत उलटी करवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. त्यामुळे ‘आपल्या नेहमीच्या पुण्यातल्या डॉक्टरकडेच नेऊ’ हा हट्ट सोडा. पुण्यातल्या डॉक्टरने फोनवरून बारामतीच्या डॉक्टरशी बोलावं, हे जास्त शहाणपणाचं. निघण्याआधी फोन करून जा. दवाखाना उघडा आहे का आणि लागणारं औषध आहे का, दोन्ही कळतं. पॅरासिटामॉलवरचा उतारा माणसांच्या हॉस्पिटलशेजारच्या मेडिकलमध्येही मिळू शकतो, डॉक्टर चिठ्ठी देतील.

१९६२ हा टोल-फ्री नंबर फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा. तो मुख्यतः पशुधनासाठी आहे, म्हणून कुत्र्या-मांजरासाठी त्याच एका नंबरवर विसंबून थांबू नका.

गाडीत प्राण्याला कुशीवर झोपवा, मान सरळ ठेवा, तोंडात काही घालू नका. उलट्या होत असतील तर तोंड बांधू नका. मांजराला मोकळं मांडीवर नको. झाकणाची टोपली किंवा वर कापड बांधलेलं भाजीचं क्रेट चालतं. औषधाचं पाकीट आणि उलटीचा नमुना पिशवीत घालून बरोबर घ्या. आणि मधल्या ट्रॅफिकचा विचार करा. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात तर वीस मिनिटं सहज जातात.

घरी परतल्यावर पुढचे तीन-चार दिवस लक्ष ठेवायचं. खातोय का, लघवी होतेय का, शी काळी-डांबरासारखी नाही ना, डोळे-हिरड्या पिवळ्या नाहीत ना. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं असेल तर ‘आता उड्या मारतोय’ म्हणून टाळू नका.

या वीकेंडला एवढं करा

गावी जाल तेव्हा मिठाईसोबत एक रिकामा डबा आणि मार्कर पेन घेऊन जा. पुढचं काम अर्ध्या तासाचं आहे.

• पेटची औषधं वेगळ्या डब्यात. डब्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात पेटचं नाव.

• गोठ्यातली औषधं गोठ्यात, मूळ बाटलीत. पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं काहीही घरात नको.

• सिरिंज प्रत्येक प्राण्याची वेगळी. जिथपर्यंत भरायचं तिथे रंगीत चिकटपट्टी.

• कॅलेंडरवर पेटचा कॉलम. गोळी दिली की देणाऱ्याने खूण करायची. खूण नसेल तर आधी विचारायचं, मग द्यायचं.

• फ्रिजवर एक कागद : पेटचं नाव, वय, वजन, चालू औषधं, न चालणारी औषधं, गावातल्या डॉक्टरचा, बारामतीच्या डॉक्टरचा आणि तुमचा नंबर. गाडी असलेल्या शेजाऱ्याचाही.

• त्याच कागदावर खाली तीन ओळी : मिठाचं पाणी नाही. उलटी काढायची नाही. आधी फोन.

• ‘मांजराला पॅरासिटामॉल नाही’ ही ओळ लाल पेनाने.

• आणि निघताना आई-बाबांना, भावाला, गड्याला एकदा स्पष्ट सांगा : काही चुकून गेलं तर रात्री दोनलाही फोन करा, मी ओरडणार नाही. मग खरंच ओरडू नका.